आजोबांचं वजन का वाढलं

मित्रांनो, माझ्यावर चढण्याआधी माणसं चपला काढतात, चष्मा काढतात, खिशातल्या किल्ल्या काढून ठेवतात. काही जण पोटही आत ओढतात, जसं काही मी डोळ्यांनी वजन करतो. मनातला संशय तेवढा कोणी उतरवून ठेवत नाही. तो घेऊनच चढतात. मी एक जुना वजनकाटा आहे. न्हाणीघराच्या दाराबाहेरची एक लादी ही माझी जागा, आणि माझं बहुतेक आयुष्य संशयात गेलेलं आहे. आधी माझ्यावरच्या, आणि मग माझ्या डोळ्यांदेखत एका म्हाताऱ्या माणसावरच्या.

माझा जन्म एका कारखान्यातला. पत्रा कापून माझं अंग झालं, पोटात स्प्रिंगा बसल्या, काचेखाली किलोला एक घर अशी आकड्यांची चकती आणि तिच्यावर फिरणारी लाल सुई आली. मागच्या बाजूला एक छोटं दातेरी चाक आहे. ते बोटाने फिरवून सुई शून्यावर आणायची असते. पुढे या चाकानेच घात केला, पण ते सांगेनच. कारखान्यातल्या तपासनिसाने माझ्या पाठीवर लोखंडी वजनं ठेवली, सुईकडे पाहिलं आणि म्हणाला, "हा बरोबर आहे." मला बरोबर म्हणणारा तो पहिला माणूस. त्यानंतर त्याच्या जवळपासचंही काही कानावर पडायला फार वर्षं गेली.

या घरात मला सूनबाईने आणलं. सूनबाई बिस्किटांच्या कारखान्यात पाकिटं तपासायचं काम करते. पट्ट्यावरून पाकिटं सरकत येतात, ती उचलून छोट्या काट्यावर टाकते. पाकीट जड भरलं तर आत एखादं बिस्कीट जास्त गेलेलं असतं. हलकं भरलं तर मशीन चुकलेलं असतं, नाहीतर ते बिस्कीट कोणाच्या तरी गालात असतं. तिसरं कारण नसतंच. तिची नजर अशी तयार झाली होती की पाकीट हातात घेतल्यावर तिचे डोळे आधी आजूबाजूच्यांच्या तोंडांकडे जायचे. बिस्किटांच्या बाबतीत हे सगळं खरंच होतं. माणसांच्या बाबतीत मात्र नव्हतं, आणि गोष्ट तिथेच बिघडली.

पहिली काही वर्षं ती सकाळ-संध्याकाळ माझ्यावर उभी राहायची. सकाळी सुई एका घरावर, संध्याकाळी त्याच्या पुढच्या. आदल्या दिवशी बाहेर जेवण झालेलं असलं की सुई आणखी पुढे.

"एका रात्रीत किलोभर?" ती नवऱ्याला विचारायची. "मी काय वीट खाल्ली?"

तिचा नवरा बस चालवतो. समोर बघून बोलायची त्याला सवय आहे. तो दाढी करता करता आरशाला म्हणायचा, "वीट नाही, खारे दाणे खाल्लेस. अख्खी पुडी."

"पुडी होती मूठभर. मूठभर दाण्यांचं किलोभर वजन कसं होईल हो?"

"मग काटा खोटा असेल."

"खोटाच आहे मेला."

मित्रांनो, मी खोटा नव्हतो आणि दाणेही मूठभरच होते. पण दाण्यांबरोबर मीठ पोटात गेलं होतं, आणि मीठ मोठं लाघवी असतं. ते पाण्याला अंगात थांबवून घेतं, बस म्हणतं, कुठे निघालास म्हणतं. वर तहान लागते म्हणून माणूस आणखी पाणी पितो. तेही थांबतं. हे सगळं पाणी मला मोजावं लागतं, कारण मला मांस कुठलं आणि पाणी कुठलं ते ओळखता येत नाही. दोन-तीन दिवसांत पाहुणा आपला निघून जातो आणि सुई मुकाट्याने मागे येते. महिन्यातल्या ठरावीक दिवसांतही सूनबाईचं असंच व्हायचं. अंगठी बोटात रुतायची, ब्लाउजचा हूक लागायचा नाही, सुई चांगली दीड-दोन घरं पुढे. मग ते दिवस सरले की सगळं सैल. यात खाण्याचा दोष नव्हता, माझा तर नव्हताच.

पण माझं ऐकतंय कोण? तिने साखरेची पिशवी ठेवून माझी परीक्षा घेतली. पिशवीचं वजन अचूक दाखवलं तरी संशय गेला नाही. मला पायपुसण्यावर ठेवून पाहिलं. मऊ जागेवर माझ्या स्प्रिंगा नीट दबत नाहीत, तेव्हा आकडा कमी आला, आणि त्या आठवड्यात मी तिचा लाडका होतो. शेवटी ती कंटाळली. तिने मला पायाने बेसिनखाली सारलं. तिथे बादलीमागे मी पडून राहिलो. पाठीवर फिनेलची बाटली, अंगावर साबणाचे शिंतोडे. कडेने गंज धरला.

मला पुन्हा बाहेर काढलं ते आजोबांसाठी.

आजोबा म्हणजे सूनबाईचे सासरे. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. शिडीवर उभं राहून, पट्टी न लावता ते हातभर लांब सरळ रेघ ओढायचे. काम सुटून वर्षं झाली तरी पायाच्या अंगठ्याच्या नखात निळा रंग अजून आहे. मी माणसं चेहऱ्यावरून ओळखत नाही, तळव्यांवरून ओळखतो. त्यांचे तळवे शिडीच्या पायऱ्यांनी मधोमध खोलगट झालेले आहेत.

त्यांचं हृदय थकलं होतं. इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मुलाला सांगितलं होतं, "यांचं वजन रोज सकाळी करा. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलेलं दिसलं, तर लगेच मला फोन करा. मीठ कमी ठेवा." त्यांना असं म्हणायचं होतं की थकलेल्या हृदयाला पाणी उपसून बाहेर टाकणं जमेनासं झालं, की ते आधी पायांत आणि मग छातीत साचतं, आणि तसं झालं तर माणूस हातचा जाऊ शकतो. मला हे पुढे कळलं, तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो. मुलगा बसच्या गडबडीत घरी आला आणि बायकोला एवढंच म्हणाला, "बाबांना मीठ कमी दे, आणि त्यांचं वजन वाढता कामा नये."

झालं. सूनबाईने पदर खोचला.

मला धुऊन पुसून लादीवर मांडलं. भाजीतलं मीठ निम्मं झालं, टेबलावरची मिठाची बाटली फडताळात कुलपात गेली. वजन वाढू नये म्हणून आजोबांची भाकरी अर्धी झाली, मग चतकोर. संध्याकाळी जेवणाऐवजी पाकिटातलं सूप सुरू झालं. पाण्यात टाकायचं, ढवळायचं, की तयार. पाकिटावर एका शिडशिडीत बाईचं चित्र होतं.

"हलकं असतं, बाबा. अजिबात चरबी नाही."

"याला चव मात्र आहे हं," आजोबा म्हणाले. "बाकी तुझ्या घरात आता सगळं इस्पितळासारखं लागतं."

त्याला चव होती कारण त्यात मीठ ठासून भरलेलं होतं. पण पुडीतल्या भुकटीला मीठ कोण म्हणतं? मीठ म्हणजे बाटलीतलं, आणि ती तर कुलपात होती.

पहिल्या दिवशी आजोबा माझ्यावर उभे राहिले तेव्हा त्यांच्या घोट्यांची हाडं सुपारीसारखी वर आलेली होती. तीन-चार दिवसांत सुई एक घर पुढे गेली. सूनबाई वाकून आकडा बघायची, मग सरळ होऊन आजोबांच्या तोंडाकडे बघायची. कारखान्यात बघायची तसं.

"बाबा, दुपारी काही खाल्लंत का?"

"तू दिलंस तेच."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? मी काय शाळेत आहे?"

सुई आणखी पुढे गेली. मग घरात शोध सुरू झाला. उशीखाली बघून झालं, कोटाचे खिसे उलटे झाले, जुन्या रंगाच्या डब्यांची झाकणं उघडून झाली. कारखान्यातून मिळणारी मोडकी बिस्किटं ज्या डब्यात असत, त्याच्या झाकणावर तिने केस चिकटवून ठेवला. केस जागचा हलला नाही. त्याने तिचा संशय गेला नाही, फक्त घर सोडून दुसरीकडे वळला. आजोबांना बाहेरून कोणीतरी पुरवतंय.

त्यांचे लाड करून चोरून काही आणून देईल असं घरात एकच माणूस होतं, ते म्हणजे नात. आजोबा तिला मुंगी म्हणतात, कारण लहानपणी ती जिथे साखर तिथे सापडायची. ते नावच तिला भोवलं.

"मुंगे, इकडे ये. हात दाखव. खिसा दाखव."

"मी काही नेत नाही त्यांना."

"मग तुझे आजोबा काय वाऱ्यावर वाढतात?"

"मला काय माहीत? काट्याला विचार."

"उलट बोलू नकोस. त्यांच्या जिवाशी खेळ आहे हा, कळतंय का तुला? तुझ्या लाडाने जातील ते."

मुंगी रडत न्हाणीघरात शिरली आणि आतून कडी लावली. आजोबा बाहेर स्टुलावर बसलेले होते. त्यांनी सगळं ऐकलं.

"सूनबाई, पोरीला कशाला बोलतेस? मला चोर म्हण."

"मी तुम्हाला चोर म्हटलं का? मी म्हटलं वजन वाढलंय."

"दोन्ही एकच आहे."

मित्रांनो, तेव्हा मलाही संशय येऊ लागला होता, पण तो वेगळा होता. घरात मीच एक असा होतो ज्याला आजोबांचे पाय जवळून दिसायचे. घोट्यांच्या सुपाऱ्या हळूहळू दिसेनाशा झाल्या होत्या. मोज्याच्या रबराची खूण नडगीवर करकचून बांधलेल्या सुतळीसारखी उमटायची आणि तासभर जायची नाही. निळ्या नखाभोवतीची कातडी ताणून चकाकायची. न्हाणीघरापर्यंत चालत येण्यानेही त्यांना धाप लागायची, आणि आडवं झाल्यावर श्वास कोंडतो म्हणून त्यांनी मुलाकडून आणखी एक उशी मागून घेतली होती. खाऊन माणूस असा फुगत नाही. मला ओरडून सांगायचं होतं. पण मला तोंड असून त्यातून आकड्यापलीकडे काही निघत नाही, आणि माझा आकडा घरातल्या प्रत्येकाने आपल्याला हवा तसा वाचला. गंमत बघा. सूनबाईचं स्वतःचं वजन वाढलं की काटा खोटा असायचा. सासऱ्यांचं वाढलं तर काटा खरा आणि सासरे खोटे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे उठायच्या आधी आजोबा एकटेच आले. भिंत धरून कसेबसे खाली बसले. त्यांनी माझी मागची बाजू आपल्याकडे वळवली आणि अंगठ्याने चाक फिरवलं. पट्टी न लावता रेघ ओढणारा तो हात, त्याने मोजून-मापून फिरवलं. सुई शून्याच्या मागे जाऊन थांबली.

"पोरीला उगाच बोलणी बसतात," ते मला म्हणाले. "आता तू जरा गप्प बस."

मी गप्प बसलो. दुसरं काय करणार?

त्या सकाळी सूनबाईचा चेहरा खुलला. "बघा, उतरलं की नाही? मी म्हटलं होतं, सूप लागू पडतं." तिने मुंगीच्या डोक्यावरून हात फिरवला, हळूच म्हणाली, "चुकलं माझं," आणि संध्याकाळी आजोबांना दोन वाट्या सूप दिलं. आजोबांनी ते हसत हसत प्यायलं. पुढच्या सकाळी अंगातलं पाणी वाढलेलं, म्हणून त्यांनी चाक आणखी थोडं फिरवलं. त्याच्या पुढच्या सकाळी आणखी थोडं. घरात आनंद होता, आणि तो आनंद माझ्या पाठीवर धापा टाकत उभा राहायचा.

हे असंच चाललं असतं तर गोष्ट सांगायला मला धीर झाला नसता. ती थांबली सूनबाईच्या मोहामुळे. सासऱ्यांचं वजन भराभर उतरताना बघून तिलाही वाटलं, आपणही एकदा बघावं. एका सकाळी इकडे-तिकडे पाहून ती माझ्यावर चढली.

"अहो, ऐकलं का? चार किलो उतरलं माझं."

"कधी?" नवऱ्याने आतून विचारलं.

"कधी म्हणजे..." ती म्हणाली आणि थांबली.

तिची अंगठी बोटात रुतलेली होती. ब्लाउजचा हूक त्या सकाळी लागला नव्हता, तिने पिन लावली होती. ते तिचे जड होण्याचे दिवस होते, हे तिला दर महिन्याच्या अनुभवाने माहीत होतं. अशा दिवशी सुई पुढे हवी, आणि ती मागे होती. पाकीट हाताला जड आणि काट्यावर हलकं. ती खाली उतरली. माझ्यावर कोणीच नसताना सुई शून्याच्या कितीतरी मागे उभी होती.

"हे चाक कोणी फिरवलं?"

"मी नाही," मुंगी दुरूनच म्हणाली.

"मी," आजोबा स्टुलावरून म्हणाले. एवढ्या एका अक्षरानंतरही त्यांना श्वास घ्यावा लागला. "तुला वजन उतरायला हवं होतं. उतरवलं."

"बाबा, ही काय थट्टा आहे?"

"थट्टा नाही. दुसरा उपाय नव्हता."

सूनबाईला इतका राग आला की ती चाक दुरुस्त करायला मटकन खाली लादीवर बसली. आणि मित्रांनो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचं तोंड माझ्या उंचीवर आलं. तिच्या डोळ्यांसमोर, वीतभर अंतरावर, आजोबांचे पाय होते.

तिचा हात चाकावरच राहिला. तिने आजोबांचा मोजा खाली ओढला. घोटा कुठे आहे ते सापडेना. तिने अंगठ्याने नडगीच्या बाजूला दाबलं आणि अंगठा काढला. खड्डा तसाच राहिला. ती त्या खड्ड्याकडे बघत होती, मग आपल्या अंगठीकडे बघू लागली. अंगठी फिरवायचा प्रयत्न केला, ती फिरली नाही.

"हे खाणं नाही," ती म्हणाली. "अहो, इकडे या लवकर. हे पाणी आहे."

तिने सुई शून्यावर आणली, आजोबांना खांद्याचा आधार देऊन माझ्यावर उभं केलं. सुई पहिल्या दिवसाच्या कितीतरी पुढे जाऊन थांबली. मुलाने फोन लावला. न्हाणीघराशी शांतता इतकी होती की डॉक्टरीणबाईंचा आवाज मलाही ऐकू आला.

"कधीपासून वाढतंय?"

"आठवडा होऊन गेला."

"मग फोन आज का?"

मुलाने फोन पुढे केला. सूनबाईने फोन घेतला. खाण्यात काय आहे, असं त्यांनी विचारल्यावर ती म्हणाली, "काहीच नाही हो, नुसतं सूप. पाकिटातलं." पलीकडून जे उत्तर आलं ते ऐकता ऐकता ती पुन्हा लादीवर बसली. मग आजोबांना घेऊन ते निघाले, आणि घरात मी आणि मुंगी उरलो. मुंगी माझ्याशेजारी गुडघ्यात डोकं घालून बसून होती. मी तरी तिला काय सांगणार होतो?

आजोबा परत आले. औषधांनी पाणी उतरलं होतं, घोट्यांच्या सुपाऱ्या पुन्हा वर आल्या होत्या. सूनबाईने त्यांना माझ्यावर उभं केलं. सुई मागे येत येत पहिल्या दिवसाच्या आकड्याच्याही मागे गेली, चांगली तीन घरं. सूनबाईने सवयीने चाकाकडे पाहिलं. चाक जागेवर होतं. आता संशय घ्यायला कोणी उरलं नव्हतं. इतके दिवस वरून पाणी चढत होतं आणि त्याच्याखाली अर्ध्या-चतकोर भाकरीवर आजोबा झिजत होते. दोन्हींची बेरीज मी दाखवली, पण बेरजेच्या पोटात काय आहे ते कोणाला कळलं नाही.

ती वाकलेलीच राहिली. तशीच म्हणाली, "बाबा, काय खाणार?"

"चोरून की उघड?" आजोबांनी विचारलं.

"उघड," ती म्हणाली आणि पदराने माझी काच पुसली. काच कोरडीच होती खरं तर, तिच्या डोळ्यांतलं जे काही पडलं होतं तेवढं सोडून.

"मग दोन अंडी. आणि अख्खी भाकरी."

"मीठ मिळणार नाही."

"तेवढी चोरी मला करू दे."

"काटा सांगेल मला," ती म्हणाली. मित्रांनो, मला बरोबर म्हणण्याच्या इतकं जवळ त्या घरात पहिल्यांदाच कोणी आलं होतं.

आता रोज सकाळी, तोंड धुतल्यावर आणि चहाआधी, सूनबाई आजोबांना माझ्यावर उभं करते. रोज तीच वेळ, तोच सदरा, तीच लादी. सुई अर्ध्या-एका घराने इकडे-तिकडे झाली तर कोणी कोणाला काही विचारत नाही. अंगातलं पाणी आहे, ते येणार आणि जाणार. सलग पुढे गेली तर फोन करायचा, हे मुंगीलाही पाठ आहे. स्वतःच्या जड दिवसांत सूनबाई माझ्याकडे फिरकतही नाही, आणि फिरकली तरी लाथ मारत नाही.

मला कोरडं ठेवा, पायपुसण्यावर ठेवू नका, माझ्यावर बाटल्या रचू नका, एवढं तर मी मागणारच. पण त्याहून मोठं मागणं वेगळं आहे. घरातलं कोणी माझ्यावर उभं असेल आणि आकडा तुम्हाला पटला नाही, तर लगेच वर त्याच्या तोंडाकडे बघू नका. आकडा वाचायला तुम्ही वाकलेले असताच. तसेच आणखी थोडे वाका, लादीवर बसा, आणि त्याच्या पायाला हात लावून विचारा, "दुखतंय का कुठे?"